भाड्याच्या सुटातले उमराव

अमेरिकेतल्या शॉमबर्ग गावात, एका मराठी बाईच्या घरी, वरच्या मजल्यावरच्या खोलीत, तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वीचे फ्रेंच उमराव राहतात असं मी सांगायचे तेव्हा लोक हसायचे. पण ते खरोखरच राहत होते. ड्यूक होते, काउंट होते, एक बिशप होता, दोन-तीन न्यायाधीश होते आणि गळ्यात मोत्यांच्या माळा घातलेल्या त्यांच्या बायका होत्या. सगळे मिळून तीसेक. तांब्याच्या पत्र्यावर कोरून, शाई भरून, कागदावर छापलेले. ते माझे आणि माझ्या मैत्रिणीचे होते, दोघींचे मिळून. निदान मी तरी वीस-बावीस वर्षं तसंच धरून चालले होते.

मैत्रीण पुण्याची. फ्रेंच शिकलेली, आणि इथे आल्यावर जवळच्याच एका छोट्या कॉलेजात फ्रेंच शिकवणारी. मी नागपूरची, पॅथॉलॉजिस्ट. म्हणजे आयुष्यभर मायक्रोस्कोपमध्ये बघत बसलेली. आमची ओळख झाली ती मुलींमुळे. दोघींच्या मुली रविवारच्या मराठी शाळेत एका वर्गात होत्या. मुली आत ‘क कमळाचा’ गिरवत कंटाळायच्या आणि आम्ही बाहेर कॉरिडॉरमध्ये थर्मासमधला चहा पीत बसायचो. मुलींचं मराठी फारसं पुढे गेलं नाही. आमची मैत्री मात्र पुढे गेली.

उमराव भेटले ते एका एस्टेट सेलमध्ये. घरातलं म्हातारं माणूस गेलं की इथे मुलं घर उघडं टाकतात आणि लोक आत शिरून जे हवं ते उचलून विकत घेतात. मला सुरुवातीला ते फार विचित्र वाटायचं. मेलेल्या माणसाच्या कपाटात हात घालायचा म्हणजे काय! मैत्रिणीला डायनिंगच्या खुर्च्या हव्या होत्या म्हणून गेलो. ते घर एका प्राध्यापकाचं होतं. खुर्च्या तिला आवडल्या नाहीत. पण बेसमेंटमध्ये शेल्फवर पुठ्ठ्याचं एक मोठं पाकीट पडलेलं होतं, आणि ते उघडल्यावर आम्ही दोघी तिथेच जमिनीवर बसलो.

पहिलाच गृहस्थ खांद्याखाली उतरणारा कुरळ्या केसांचा टोप घातलेला. अंगावर चिलखत, चिलखतावर लेसचा गळपट्टा. चेहऱ्याभोवती लंबगोल चौकट, चौकटीवर लॅटिन अक्षरं, खाली घराण्याचं चिन्ह आणि त्यावर मुकुट. मैत्रीण मान वाकडी करत करत ती गोल फिरणारी अक्षरं वाचायला लागली आणि मला सांगायला लागली की हा कोण होता, कुठल्या परगण्याचा होता, राजाच्या सैन्यात काय होता. मी पर्समधून माझं भिंग काढलं. चेहऱ्यावर धरलं आणि थक्क झाले. चेहऱ्याला कडाच नव्हती. गाल म्हणजे नुसते ठिपके आणि तांदळाच्या कणीएवढ्या बारीक रेघा. कुठे दाट, कुठे विरळ. एकही ओळ सलग नाही, आणि भिंग बाजूला केलं की समोर जिवंत माणूस. मी रोज स्लाइडवर पेशी बघत होते. मला हे बघायला कुणी शिकवावं लागलं नाही.

“तू वाच, मी बघते,” मी म्हटलं.

पुढची कितीतरी वर्षं आमची वाटणी हीच राहिली. ती वाचायची, मी बघायची. जुन्या पुस्तकांच्या जत्रांना आम्ही गाडी काढून जायचो, कधी मिलवॉकी, कधी इंडियाना. मग चित्रं इंटरनेटवर मिळायला लागली. जे आणू ते दोघींचं, हे कधी बोलून ठरवलं नाही, पण तसंच चाललं. आम्ही त्यांना नावंही ठेवली होती. टोपकाका, चिलखतकाका. एक काउंटेस होती, खालचा ओठ जरा पुढे काढलेला, डोळे चित्रकारावर रोखलेले. ती रुसलेली मावशी. “हिला बसवून ठेवलंय दोन तास आणि चहा विचारला नाही कुणी,” असं मी म्हटलं होतं, आणि तेव्हापासून ती तीच झाली. प्रत्येक चित्राबद्दल मी चार-सहा ओळी लिहायचे, मराठीतच: रेघा कशा आहेत, कागद कसा आहे, हा माणूस कसा दिसतो. मैत्रीण त्याचं इंग्रजी करून त्यात इतिहास घालायची.

सगळं तिच्या घरी ठेवलं होतं, कारण आमच्या बेसमेंटमध्ये दर वसंतात पाणी यायचं आणि तिच्या वरच्या खोलीत हवा कोरडी होती. तिचा नवरा भूलतज्ज्ञ. अबोल माणूस. तो त्या खोलीत यायचा नाही. “तुमची भुतं” म्हणायचा. आम्ही वर असलो की खाली टीव्हीचा आवाज वाढायचा.

माझ्या नवऱ्याचं तसं नव्हतं. तो टेलिफोनच्या कंपनीत इंजिनिअर. कलेतलं त्याला काही कळायचं नाही, हे तो स्वतःच सांगायचा, पण माझ्या मागे येऊन उभं राहायची त्याला सवय होती. भाजी चिरताना, टॅक्सचे कागद भरताना, काहीही करत असले तरी मागे येऊन बघायचा आणि काहीतरी बोलायचा.

एका रविवारी सकाळी मी किचन टेबलवर दोन चित्रं शेजारी शेजारी ठेवून बसले होते. एक आमचे जुने चिलखतकाका, ते मी मुद्दाम मैत्रिणीकडून आणले होते. दुसरं पोस्टानं नुकतंच आलेलं, कुणी दुसराच ड्यूक. हा तरुण होता, नाक लांब, मिशी बारीक. पण मला काहीतरी खटकत होतं. लेसचा गळपट्टा ओळखीचा वाटत होता. मी भिंग घेऊन एका चित्रावरून दुसऱ्यावर जायला लागले. लेसमधलं फूल तेच. कमरपट्ट्याची गाठ तीच. चिलखताच्या खांद्यावर कोरणाऱ्याचा हात किंचित घसरून आलेला एक ओरखडा होता, तोही दोन्हीकडे, त्याच जागी. मग मी तरुण ड्यूकच्या डोक्याभोवती बघितलं. पार्श्वभूमीच्या रेघांखाली, नीट बघितलं तरच दिसेल असा, दुसऱ्याच एका टोपाचा कुरळा काठ होता. पुसलेला, घासलेला, पण पुरता न गेलेला.

पत्रा एकच होता. म्हातारा ड्यूक मेला असेल किंवा राजाच्या मर्जीतून उतरला असेल. छापणाऱ्यानं त्याचं डोकं घासून काढलं होतं आणि त्याच चिलखतावर नवं डोकं कोरलं होतं. पत्रा महाग, चिलखत कोरायला महिने लागायचे. वाया कशाला घालवायचं!

मी ओरडलेच. नवरा सिंकवर पोह्यांची कढई घासत होता. ओल्या हातानं धावत आला.

“हात पूस आधी!”

त्यानं हात पायजम्याला पुसले, माझ्या खांद्यावरून वाकला, मी दाखवलं ते सगळं बघितलं. लेस, गाठ, ओरखडा. मग अगदी गंभीरपणे म्हणाला, “अगं, म्हणजे सूट भाड्याचा होता! माझ्यासारखा.”

त्याच्या या बोलण्याला संदर्भ होता. आमच्या लग्नात, नागपूरला, रिसेप्शनसाठी त्यानं भाड्याचा सूट आणला होता. बाह्या आखूड होत्या, म्हणून सगळ्या फोटोंत त्यानं हात मागे बांधलेत. आणि त्याच दुकानातून तोच सूट दोन दिवसांनी त्याच्या मावसभावानं स्वतःच्या लग्नासाठी नेला. आमच्या दोन्ही घरच्या अल्बममध्ये तो सूट आहे, डोकी वेगळी. मी इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं. हसता हसताच मैत्रिणीला फोन केला. ती घरातल्या सपाता घालूनच बर्फातून गाडी चालवत आली. आम्ही तिला चित्रं दाखवली, सूटची गोष्ट सांगितली, अल्बम काढला. तीही हसली, खूप हसली. मग उरलेले पोहे खाल्ले तिघांनी.

हे सगळं मी एवढं तपशिलानं सांगते आहे, कारण पुढे जे झालं ते या सकाळीवरूनच झालं.

काही वर्षांनी नवरा आजारी पडला. स्वादुपिंड. माझ्याच जुन्या विभागात स्लाइड आली. तिथल्या सहकाऱ्यानं दबक्या आवाजात विचारलं, “बघायचीय का तुम्हाला?” मी बघितली. बघायला नको होती असं लोक म्हणतात, पण दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकण्यापेक्षा मला ते बरं वाटलं.

त्या काळात मैत्रिणीनं जे केलं ते मी नाकारणार नाही. तिचा स्वतःचा नवरा आदल्याच वर्षी हार्ट अटॅकनं गेला होता, तरी ती रोज डबा घेऊन यायची. मला झोप मिळावी म्हणून त्याला केमोला घेऊन जायची. माझी मुलगी दूर प्लेनोला, तिची मुलं लहान. तिला सारखं येणं शक्य नव्हतं. मैत्रीण नसती तर माझं काय झालं असतं, हे मला खरंच माहीत नाही. म्हणून तर पुढचं इतकं लागलं.

एकदा हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये ती म्हणाली, “अगं, आमच्या कॉलेजची ती गॅलरी आहे ना, त्यांना आपलं कलेक्शन हवंय. परमनंट ठेवतील. काय सांगू त्यांना?”

आम्ही दोघींनी हे आधी कितीदा तरी बोललेलं होतं. दोघींच्याही मुलींना त्यात रस नव्हता, आपल्यामागे हे उमराव विखरून जायला नकोत, एकत्र कुठेतरी द्यावेत. मी म्हटलं, “तू बघ गं. मला आत्ता काही सुचत नाहीये.”

एवढंच बोलणं झालं.

तो गेला. एक वर्ष कसंबसं गेलं. मग एक दिवस ईमेलनं निमंत्रण आलं: कॉलेजच्या गॅलरीत आमच्या चित्रांचं प्रदर्शन, उद्घाटन, मैत्रिणीचं व्याख्यान. पाठोपाठ तिचा फोन. “तू यायलाच हवंस. पहिल्या रांगेत बसायचंस.” मला खरंच आनंद झाला. किती दिवसांनी मी कपाटातून चांगली साडी काढली, निऱ्या पिनअप केल्या. आरशात बघून वाटलं, चला, एक तरी गोष्ट पूर्ण झाली.

गॅलरीत शिरल्या शिरल्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत नाव होतं. तिचं आणि तिच्या नवऱ्याचं. दोघांचा संग्रह, दोघांकडून कॉलेजला भेट, त्याच्या स्मरणार्थ. मला आधी वाटलं की दुसऱ्या भिंतीवर माझं असेल. फिरून आले. नव्हतं. बाहेर पडायच्या दाराजवळ आभारांच्या बारीक अक्षरांत ‘कुटुंबीय आणि मित्रमंडळी’ असं होतं. तीच मी असणार.

मग मी चित्रांखालचे मजकूर वाचायला लागले. इंग्रजी तिचं होतं, पण वाक्यं माझी होती. रुसलेल्या मावशीखाली लिहिलं होतं की बाईसाहेबांना तासन्‌तास बसवून ठेवून कुणी चहा विचारलेला दिसत नाही. दोन अमेरिकन बायका ते वाचून हसत होत्या. “सो विटी,” एक म्हणाली.

तरीही मी स्वतःची समजूत घालत होते. कॉलेजला एकच नाव हवं असेल. ती व्याख्यानात सांगेल. मला पहिल्या रांगेत त्यासाठीच बसवलं असेल.

व्याख्यान चांगलं झालं. ती बोलते छान. व्हर्सायचा दरबार, उमरावांना आपले चेहरे छापून वाटायची कशी हौस होती, कोण कुणाला भेट द्यायचा. मग पडद्यावर ते दोन ड्यूक आले, शेजारी शेजारी. आणि ती म्हणाली, “एका रविवारी सकाळी मी माझ्या किचन टेबलवर बसले होते…”

माझं टेबल. माझं भिंग. लेसमधलं फूल, कमरपट्ट्याची गाठ, ओरखडा, सगळं मी बघितलं त्याच क्रमानं. मी वाट बघत होते की ती आता थांबेल, आता माझ्याकडे हात करेल. ती म्हणाली, “माझे मिस्टर सिंकवर भांडी घासत होते. ते ओल्या हातानं आले. मी ओरडले, हात पुसा आधी! त्यांनी वाकून बघितलं आणि म्हणाले…”

आणि ती बोलली ते वाक्य. सूट भाड्याचा होता, माझ्यासारखा. मग लग्नाची गोष्ट, आखूड बाह्या, मागे बांधलेले हात, मावसभाऊ. नागपूरच्या ऐवजी पुणं. सगळा हॉल हसला. खदखदून हसला. आणि टाळ्या वाजल्या तेव्हा मी खाली बघितलं, तर माझेही हात टाळ्या वाजवत होते.

शेजारी आमच्या इथल्या मराठी मंडळातल्या एक काकू बसल्या होत्या. त्या माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, “काय सांगतेस! त्यांच्या मिस्टरांना असं विनोदी बोलता यायचं? आम्हाला तर कधी कळलंच नाही. नमस्काराच्या पुढे शब्द नाही काढायचे.”

मी म्हटलं, “हो ना.”

चीज आणि द्राक्षांच्या टेबलापाशी मैत्रिणीनं मला मिठी मारली. “कसं झालं गं?” मी “छान” म्हटलं आणि डोकं दुखतंय सांगून निघाले. पार्किंग लॉटमध्ये गाडीत बसून राहिले. रडू आलं नाही. कुणीतरी घरात शिरून नेमकी एकच वस्तू उचलून नेली आहे आणि बाकी सगळं जागच्या जागी आहे, असं काहीसं वाटत होतं.

घरी आल्यावर मुलीला फोन केला. ती शांतपणे ऐकून घेते, ते तिचं चांगलं आहे. पण शेवटी म्हणाली, “आई, दॅट्स ऑफुल. पण शी इज ओल्ड अँड लोनली. आय मीन, इट्स जस्ट अ स्टोरी, ना?”

“तुझे बाबा होते ते,” मी म्हटलं.

ती म्हणाली, “बाबा सेड दॅट? द रेंटेड सूट थिंग? यू नेव्हर टोल्ड मी.”

मी तिला सांगितलंच नव्हतं. सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं कधी, ते आमच्या दोघांचं रोजचंच होतं.

पुढच्या आठवड्यात मी मैत्रिणीकडे गेले. तिनं नेहमीसारखा गवती चहा टाकला. मी उभीच होते.

“बस ना.”

“माझं नाव का नाही तिथे?”

तिनं गॅस बारीक केला. “अगं, त्यांच्या फॉर्मॅलिटीज फार. डोनर म्हणून एकच कुटुंब हवं होतं. आणि तूच म्हणालीस ना, तू बघ. तू त्या वेळी अशा अवस्थेत होतीस, मी तुला कागदांवर सह्या करायला लावणार होते का?”

“ठीक आहे. नाव राहू दे. त्या रविवारचं काय?”

“कुठल्या रविवारचं?”

“कुठल्या ते तुला माहीत आहे.”

चहा उतू जायला आला तेव्हा तिनं बंद केला, पण कपात ओतला नाही.

“गोष्ट सांगताना थोडं इकडेतिकडे होतं यार,” ती म्हणाली. “लोकांना रंगवून सांगावं लागतं.”

“तुझा नवरा त्या खोलीत कधी पाऊलसुद्धा टाकायचा नाही.”

हे मी बोलायला नको होतं की काय, मला माहीत नाही. तिचा चेहरा बदलला. खुर्ची ओढून ती बसली.

“हो, नाही टाकायचा,” ती म्हणाली. “त्याच्या नावानं भिंत केली मी. मग भाषण लिहायला बसले, आणि त्याच्याबद्दल सांगायला माझ्याकडे काही नाही. काहीच नाही गं. चाळीस वर्षांचा संसार. तो कधी माझ्या मागे येऊन उभा राहिला नाही. काय करतेस म्हणून विचारलं नाही. मी तिथे लोकांसमोर काय सांगणार होते? टीव्हीचा आवाज वाढवायचा म्हणून सांगू?” मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “तुझ्याकडे अशा शंभर आहेत. मी एक घेतली.”

मी आजही या वाक्याचा विचार करते. तिच्याबद्दल वाईट वाटलं, हे खरं आहे. इतक्या वर्षांत तिनं हे कधी बोलून दाखवलं नव्हतं, आणि मला ते दिसलं नव्हतं. पण वाईट वाटूनही राग गेला नाही. उलट वाढला. म्हणजे ती चुकून बोलली नव्हती. आमच्याकडे पोहे खाताना, अल्बम बघताना, ती हसत होती तेव्हा हे सगळं आत कुठेतरी जपून ठेवत होती. आणि माझा नवरा गेल्यावर तिनं ते काढून वापरलं. तो असता तर तिची हिंमत झाली नसती.

“शंभर नाहीत माझ्याकडे,” मी म्हटलं. “तो आता नवीन काही बोलणार नाहीये.”

“मी कॉलेजला सांगते. तुझं नाव घालायला लावते.”

“घाल.”

मी चहा न घेता निघाले. तिच्याकडून चहा न घेता निघायची ही पहिलीच वेळ.

नाव घातलं तिनं. दोन महिन्यांनी मी एका वीकडेला जाऊन बघून आले. तिच्या आणि तिच्या नवऱ्याच्या नावाखाली, लहान अक्षरांत, ‘यांच्या सहकार्याने’ म्हणून मी होते. गॅलरीतल्या तरुण मुलीनं मला ओळखलं आणि आनंदानं सांगितलं की व्याख्यानाचा व्हिडिओ कॉलेजच्या वेबसाइटवर आहे, विद्यार्थ्यांना फार आवडतो, विशेषतः ती सूटची गोष्ट. मी तिला सांगणार होते. तोंडापर्यंत आलं होतं. पण काय सांगायचं? की तो दुसऱ्या बाईचा नवरा होता? तिला त्यानं काय कळणार होतं! ती म्हणाली असती, ओह, इंटरेस्टिंग.

त्याहून वाईट प्रसंग नंतर आला. मंडळात ज्येष्ठांचा एक कार्यक्रम होता. प्रत्येकानं आपल्या गेलेल्या जोडीदाराची एक आठवण सांगायची. मी आधी नको म्हणत होते. मग वाटलं, सांगावी. ही आपलीच आहे, आपण सांगितली की आपली होईल परत. मी उठले, रविवारची सकाळ सांगितली, कढई, ओले हात, आणि ते वाक्य.

काही जण हसले. काही जणांनी एकमेकांकडे बघितलं. मागून एक काका, मनात काही नसताना, अगदी सहज म्हणाले, “अहो, पण ही तर तुमच्या मैत्रिणीच्या मिस्टरांची गोष्ट ना? आम्ही ऐकलीय की ती. व्हिडिओसुद्धा बघितलाय.”

मी म्हटलं, “नाही, ही आमचीच आहे.” माझा आवाज माझ्याच कानाला खोटा वाटला. काकांनी मान डोलावली, म्हाताऱ्या माणसांची समजूत घालताना डोलावतात तशी. कुणीतरी पटकन बटाटेवडे आणले आणि विषय बदलला. मी खाली बसले. माझी मैत्रीण त्या कार्यक्रमाला आलेली नव्हती, पण असती तरी तिनं काही म्हटलं असतं असं मला वाटत नाही.

त्यानंतर मी ती गोष्ट कुणाला सांगितली नाही. आज इथे लिहिते आहे तेवढीच. स्वतःशी आठवते तेव्हासुद्धा मध्येच तिचा आवाज येतो, हॉलमधलं ते हसणं येतं. आणि एकदा तर मला ओळखू येईना, की “हात पूस आधी” हे मी खरंच ओरडले होते की तिच्या व्याख्यानातून माझ्या डोक्यात आलं आहे. मी अल्बम काढून बघितला. फोटोत त्याचे हात मागे आहेत, सूट आहे. पण त्या रविवारचा फोटो कोण काढणार?

आमचं भांडण झालं असं म्हणता येत नाही. आम्ही एकमेकींना फोन करायचं थांबवलं, एवढंच. पटेलांच्या दुकानात कोथिंबिरीपाशी भेट झाली तर “कशी आहेस?” “बरी आहे.” मंडळातल्या बायकांना काहीतरी बिनसल्याचं कळलं, आणि दोघी-तिघींनी मला समजावलं, एवढ्याशा कारणावरून एवढी जुनी मैत्री कशाला मोडायची.

या वर्षी थंडी संपताना तिचा फोन आला. नाव बघून मी बराच वेळ वाजू दिला. मग उचलला. मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. त्या दिवशी घरी न्यायला कुणीतरी लागतं, एकटं सोडत नाहीत. मुलगी सिअॅटलला, तिला सुट्टी मिळत नव्हती. “तुला जमेल का?” तिनं विचारलं. दुसऱ्या कुणाचं नाव तिला सुचलं नसेल असं नाही. सुचलं असेल, पण तिनं फोन मलाच केला.

मी गेले. तिनं माझ्या नवऱ्याला किती वेळा नेलं-आणलं होतं. ते मला विसरता येत नाही, आणि दुसरंही विसरता येत नाही. दोन्ही एकाच बाईनं केलेलं आहे.

नर्सनं तिला व्हीलचेअरवरून दारापर्यंत आणलं. एका डोळ्यावर प्लास्टिकची झाकणी, केस विस्कटलेले. ती एकदम लहान दिसली. मी हात धरून गाडीत बसवलं. हायवेवर वर्दळ होती. बराच वेळ ती खिडकीतून बाहेर बघत होती, उघड्या डोळ्यानं.

“बोल ना काहीतरी,” ती म्हणाली.

“डोळा चोळू नकोस.”

“तू मला कधी माफ करणार आहेस की नाही?”

मी इंडिकेटर दिला, लेन बदलली. “माहीत नाही,” मी म्हटलं. खरंच माहीत नव्हतं, अजूनही नाही.

तिच्या घरी पोचल्यावर मी तिला आत नेलं, सोफ्यावर बसवलं, थेंब कुठल्या बाटलीतले कधी घालायचे ते दाखवलं. फ्रिजमधलं वरण गरम करून भात लावला. तिचा व्हिडिओ बघून कुणी परदेशातून तिला मेसेज केला होता, तो तिनं फोनवर मला वाचायला सांगितला, कारण तिला दिसत नव्हतं. मी वाचला. त्यात तिच्या नवऱ्याच्या विनोदबुद्धीचं कौतुक होतं. मी शेवटपर्यंत वाचला आणि फोन तिच्या शेजारी ठेवला. तिच्या उघड्या डोळ्यातून पाणी येत होतं. औषधाचं असेल.

“जेवून जा,” ती म्हणाली.

“नको. उद्या सकाळी चेकअपला न्यायला येते.”

मी दार लोटून घेतलं आणि गाडी बाहेर काढली.